शिरीषाचे बी आणि सद्भाव

कोमलतेची उपमा द्यायची झाली की आपले कवी शिरीषाच्या फुलाकडे वळतात. कालिदासाच्या शकुंतलेच्या कानावरही तेच आहे. परंतु ज्यातून हे फूल यावयाचे ते बी मात्र विलक्षण कठीण. बीदर-कलबुर्गीच्या बाजूस हा वृक्ष, आपला शिरस, कन्नडांचा बागे, सर्वांच्या परिचयाचा आहे. हिवाळा सरता सरता तो पाने गाळतो आणि चपट्या वाळक्या शेंगा वाऱ्यावर खुळखुळत राहतात. त्यांतले बी नुसते मातीत टाकले तर थोडे रुजते, बाकीचे स्वस्थ पडून राहते. कवच पाणीच आत घेत नाही. म्हणून रोपे करणारे त्यावर कढत पाणी ओतून ते रात्रभर भिजवितात, किंवा अंकुराचे टोक सांभाळून दुसऱ्या बाजूस कानशीने किंचित घासतात.

ज्याची संमती घेता येत नाही, त्याला त्याच्याच हितासाठी जखम करावी काय? आईबाप आणि गुरुजन हे नित्य करीत आले आहेत, आणि 'तुझ्याच भल्यासाठी' हे त्यांचे उत्तर ठरलेले आहे.

बी काही हट्टाने मिटलेले नसते. आपल्याकडे मृगाची एखादी सर येते आणि पुढे कित्येक दिवस आभाळ कोरडे राहते. सारीच बीजे त्या सरीला भुलली तर एकही वाचावयाचे नाही. काही आज, काही पुढल्या पावसात, अशी ती वाटणी कवचाने केलेली असते. कानस लागली की ती मोडते. अर्थात हात न लावणे म्हणजे निर्दोष राहणे, असेही नव्हे. पडून राहिलेल्या बियांपैकी पुष्कळशी किडेच पोखरतात.

कायद्यापुढे हा प्रश्न जुना आहे. संमती देणे ज्याला शक्य नाही, त्याच्या हितासाठी सद्भावाने केलेल्या इजेला 1860 च्या पीनल कोडने काही मर्यादांत संरक्षण दिले होते. 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतही ते आहे. आता सद्भाव म्हणजे काय? 1897 चा जनरल क्लॉजेस अॅक्ट म्हणतो, कृत्य प्रामाणिक असले की पुरे, मग त्यात हयगय का असेना. दंडाचा कायदा तसे मानीत नाही. योग्य काळजी आणि अवधान यांवाचून केलेले काहीही तेथे सद्भावाचे ठरत नाही. पैशाच्या व्यवहारात पहिली व्याख्या खपून जाईल. जेथे जिवाला इजा होते तेथे दुसरीच हवी, असे आम्हांस वाटते.

मग बियाच्या बाबतीत काळजी कोठवर? कवच घासताना हात बेताने चालला, एवढ्यावर ती संपत नाही. कोरड्या दिवसांतून बियाला निभावून नेण्याचे जे काम कवच करीत होते, ते आता घासणाऱ्याच्या अंगावर आले. देवळांच्या आवारांत उत्सवाच्या निमित्ताने रोपे लावली जातात, नारळ फुटतो, मंडळी प्रसाद घेऊन घरोघर जातात. पहिल्या वैशाखात त्या रोपाला घागर कोण घालणार, याची नोंद सहसा कोणत्याच वहीत नसते. ती आधी व्हावी, नावानिशी व्हावी. कानस त्यानंतर काढली तरी चालेल.