वरच्या सत्तेने कुठे थांबावे? मालकसंघ, युरोपचे कामगार कायदे आणि सब्सिडिॲरिटी

जे काम कुटुंब, गाव, व्यवसायसंघ किंवा एखादी स्थानिक संस्था स्वतःच्या बळावर नीट करू शकते, ते वरच्या सत्तेने तिच्या हातून काढून घेणे हा अन्याय आहे. सब्सिडिॲरिटी या नावाने ओळखले जाणारे हे तत्त्व कॅथलिक समाजविचारातून युरोपच्या राज्यव्यवहारात आले. पोप अकरावे पायस यांनी १९३१ साली ‘क्वाद्राजेसिमो आन्नो’ या परिपत्रात ते स्पष्टपणे मांडले. त्या परिपत्राचा मसुदा मुख्यतः ओस्वाल्ड फॉन नेल-ब्रॉयनिंग या जर्मन जेझुइट अभ्यासकाने तयार केला होता. आज युरोपीय संघाच्या कामगार आणि सामाजिक धोरणाची चर्चा सुरू झाली की हे तत्त्व हिरीरीने पुढे करणाऱ्यांत उद्योगांचे मालकसंघ असतात. वेतन, कामाचे तास किंवा कामगारांशी सल्लामसलत या विषयांवर ब्रसेल्सने कायदा करू नये, ते देशपातळीवर किंवा कारखान्यातच ठरावे, हे त्यांचे म्हणणे. धर्मविचारात न्यायासाठी मांडलेले तत्त्व हितसंबंधांच्या राजकारणात वापरले जाते तेव्हा ते वापरण्याचा अधिकार कोणाला, आणि त्याबरोबर कोणते कर्तव्य अंगावर येते, हा यातला खरा प्रश्न आहे.

परिपत्राला चाळीस वर्षांची पार्श्वभूमी होती. १८९१ साली पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ प्रसिद्ध केले. मालक आणि मजूर दोघांनी होकार दिला एवढ्यावरून वेतन न्याय्य ठरत नाही, काटकसरीने राहणाऱ्या कामगाराचा चरितार्थ त्यातून चालला पाहिजे, असे त्यात म्हटले होते. संघटना करण्याचा कामगारांचा हक्कही त्यात मान्य होता. १९३१ पर्यंत परिस्थिती पालटली. इटलीत मुसोलिनीच्या राजवटीने कामगार आणि मालक या दोघांच्याही संघटना सरकारच्या दावणीला बांधल्या होत्या, तर रशियात स्वतंत्र संघटनेला जागाच उरली नव्हती. त्यामुळे पायस यांच्या मांडणीचा रोख राज्यसंस्थेला आवरण्यावर आहे. पण त्याच परिच्छेदात दुसरी बाजूही आहे. लहानसहान कामे खालच्या संस्थांवर सोपवली म्हणजे मार्ग दाखवणे, लक्ष ठेवणे, प्रवृत्त करणे आणि आवर घालणे ही राज्याची स्वतःची कामे ते अधिक जोमाने करू शकेल, असे तिथे सांगितले आहे. कुटुंब पोसता येईल असे वेतन देणे सध्याच्या परिस्थितीत शक्य नसेल, तर ती परिस्थितीच बदलली पाहिजे, असेही हेच परिपत्र बजावते. म्हणजे खालच्या संस्थेचे स्वातंत्र्य तिने आपले काम करण्यासाठी आहे. काम टाळण्यासाठी ते दिलेले नाही. हा अर्थ सोडला तर तत्त्वाचे अर्धे अंगच उरते.

७ फेब्रुवारी १९९२ रोजी मास्ट्रिक्ट येथे सही झालेल्या युरोपीय संघाच्या करारात हे तत्त्व कायद्याच्या भाषेत आले. युरोपीय आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष जाक देलोर कॅथलिक कामगार चळवळीतून आलेले होते. जर्मनीच्या घटकराज्यांना आपले अधिकार राखायचे होते आणि ब्रिटनच्या कॉन्झर्व्हेटिव्ह सरकारला ब्रसेल्सच्या कायद्यांना आळा घालायचा होता. इतक्या वेगवेगळ्या मंडळींना एकच तत्त्व पटले, कारण त्यातून काय साधायचे याबद्दल त्यांचे एकमत होण्याची गरज नव्हती. करारात मात्र तत्त्वाचा आशय आक्रसला. पोपच्या परिपत्रात खालची संस्था म्हणजे कुटुंब, व्यवसायसंघ, स्वयंसेवी मंडळे असे पुष्कळ काही होते. करारात तिच्या जागी सदस्य-देश आले.

तरीही व्यवसायसंघांची कल्पना अगदीच मागे पडली नाही. ३१ ऑक्टोबर १९९१ रोजी युनिस हा मालकसंघ, सीईईपी ही सार्वजनिक उद्योगांची संघटना आणि युरोपीय कामगार संघटनांचा महासंघ यांच्यात एक समझोता झाला, आणि तो मास्ट्रिक्टच्या सामाजिक प्रोटोकॉलमध्ये जवळजवळ जसाच्या तसा घेतला गेला. सामाजिक विषयावर कायदा सुचवण्यापूर्वी आयोगाने मालक आणि कामगार या दोन्ही बाजूंचा दोनदा सल्ला घ्यावा, आणि त्यांची इच्छा असेल तर त्यांनीच आपसात करार करावा, अशी ही व्यवस्था आहे. युनिसने युरोपीय पातळीवरच्या बंधनकारक वाटाघाटींना वर्षानुवर्षे विरोध केला होता. सामाजिक विषयांवर बहुमताने निर्णय होण्याची शक्यता दिसू लागल्यावर हा विरोध मावळला. कायदा होणारच असेल तर त्याचा मजकूर आपल्या हाती असलेला बरा, असा हा हिशेब होता.

१९५८ साली स्थापन झालेली युनिस २००७ पासून बिझनेसयुरोप या नावाने ओळखली जाते. जर्मनीचे बीडीए व बीडीआय, फ्रान्सचा मेडेफ, इटलीची कॉन्फिन्दुस्त्रिया असे राष्ट्रीय महासंघ तिचे सदस्य आहेत. धातू आणि अभियांत्रिकी उद्योगांतील मालकांसाठी सीमेट ही वेगळी संघटना आहे. या संघटना आयोगाच्या सल्लामसलतीला लेखी उत्तरे देतात, कायद्याचा खर्च-फायदा मोजणाऱ्या अहवालांसाठी माहिती पुरवतात आणि युरोपीय संसदेच्या रोजगार समितीतील सदस्यांना दुरुस्त्या सुचवतात. याहून प्रभावी मार्ग बहुधा मायदेशातून जातो. राष्ट्रीय महासंघ आपल्या देशाच्या मंत्र्याला पटवतो आणि तो मंत्री सदस्य-देशांच्या मंत्र्यांच्या परिषदेत बोलतो. स्पर्धाक्षमता, लहान उद्योगांवरचा कागदपत्रांचा बोजा आणि सब्सिडिॲरिटी हे तीन मुद्दे या साऱ्यात पुन्हा पुन्हा येतात. पहिल्या दोन मुद्द्यांसाठी आकडे द्यावे लागतात आणि आकडे खोडता येतात. तिसरा मुद्दा अधिकाराचा असतो. प्रस्तावाच्या गुणदोषांत न शिरता तो दारातच अडवता येतो, म्हणूनच तो इतका उपयोगी आहे.

मालक आणि कामगार यांच्या संघटना वरकरणी सारख्या दिसतात, पण त्या एका जातीच्या नाहीत, हे क्लाउस ओफ आणि हेल्मुट विझेन्थाल या जर्मन समाजशास्त्रज्ञांनी १९८० साली दाखवून दिले. कामगाराला एकत्र आल्यावाचून बळ मिळत नाही. गुंतवणूकदाराकडे ते आधीच असते, कारण भांडवल कुठे लावायचे हे तो एकटा ठरवू शकतो. पुढे वोल्फगांग श्ट्रीक आणि फिलिप श्मिटर यांनी हा विचार युरोपीय पातळीला लावला. युरोपीय मालकसंघाला मुद्दाम दुबळे ठेवण्यात सदस्यांचे हित असू शकते, कारण ज्याला सही करण्याचा अधिकारच दिलेला नाही त्याला वाटाघाटीला बसवता येत नाही. पण विरोध नोंदवायला असा कोणताही अधिकार लागत नाही.

विरोधाची ही ताकद आधीच दिसली होती. १९८० साली युरोपीय आयोगाचे आयुक्त हेंक फ्रेडेलिंग यांनी बहुराष्ट्रीय कंपन्यांतील कामगारांना माहिती व सल्ल्याचा हक्क देणारा प्रस्ताव मांडला. युनिस आणि अमेरिकी कंपन्या यांच्या कडाडून विरोधापुढे तो बारगळला. १९९४ साली युरोपीय कामगार मंडळांबाबत वाटाघाटींना सुरुवातच होऊ शकली नाही, आणि कायदा परिषदेने केला. त्यानंतरच्या वर्षांत पालकत्व रजा (१९९५), अर्धवेळ काम (१९९७) आणि ठरावीक मुदतीच्या नोकऱ्या (१९९९) या विषयांवर दोन्ही बाजूंचे करार झाले आणि त्यांना कायद्याचे बळ मिळाले. हा या व्यवस्थेचा सर्वात चांगला काळ. २००२ च्या टेलिवर्क करारापासून कल ऐच्छिक करारांकडे वळला, आणि त्याच विषयावर सुरू झालेली नवी बोलणी नोव्हेंबर २०२३ मध्ये फिसकटली. आयोगाची वागणूकही निर्दोष नाही. केशकर्तन व्यवसायातील मालक आणि कामगार यांनी २०१२ साली आरोग्य व सुरक्षिततेबाबत करार केला, पण त्याला कायद्याचे रूप देण्यासाठी आयोगाने तो परिषदेपुढे नेला नाही. दुसऱ्या एका करारावरून झालेल्या दाव्यात युरोपीय न्यायालयाने २०२१ मध्ये निकाल दिला, की असे करार पुढे नेण्याचे बंधन आयोगावर नाही. ज्यांचे काम त्यांनीच एकमताने मिटवले असताना वरच्या सत्तेने अडून बसावे, हे १९३१ च्या तत्त्वाच्या थेट विरोधात जाते.

रविवारच्या सुट्टीचा वाद धर्माशी सर्वात जवळचा आहे. कामाच्या तासांविषयीच्या १९९३ च्या निर्देशात, म्हणजे सदस्य-देशांना बंधनकारक असलेल्या युरोपीय कायद्यात, आठवड्याची विश्रांती तत्त्वतः रविवारी असावी असे वाक्य होते. ब्रिटन न्यायालयात गेले. निर्देशाचा आधार आरोग्य आणि सुरक्षितता हा होता, आणि इतर वारांपेक्षा रविवारचा आरोग्याशी अधिक संबंध कसा, हे परिषदेने सांगितले नाही, म्हणून १२ नोव्हेंबर १९९६ रोजी तेवढे वाक्य रद्द झाले. २०११ साली चर्च आणि कामगार संघटना यांनी मिळून रविवारच्या रक्षणासाठी युरोपीय आघाडी उभारली. एका दुकानदाराने रविवारी दुकान बंद ठेवले तर गिऱ्हाईक शेजारच्या उघड्या दुकानात जाते. सर्वांची मिळून एक सुट्टी कोणा एका मालकाला किंवा एका कामगाराला मिळवता येत नाही. अशा ठिकाणी सब्सिडिॲरिटीच वरच्या सत्तेला पुढे यायला सांगते. लवचीकतेच्या नावाखाली हा प्रश्न प्रत्येक आस्थापनेवर सोडणे म्हणजे तिला न पेलणारे काम तिच्यावर लादणे होय.

ग्रीसमध्ये २०१२ साली उलटा प्रकार घडला. तिथे किमान वेतन कायद्याने ठरत नसे. मालक आणि कामगार यांच्या राष्ट्रीय करारात ते ठरत असे. ग्रीसला कर्ज देणाऱ्या संस्थांनी वेतनकपातीची अट घातली तेव्हा ग्रीक मालकसंघांनी कामगार संघटनांबरोबर एकत्र पत्र लिहून पंतप्रधानांना कळवले, की किमान वेतनाला हात लावू नये. फेब्रुवारीत ते सरकारी आदेशाने २२ टक्क्यांनी घटवले गेले, २५ वर्षांखालील कामगारांचे ३२ टक्क्यांनी. महिन्याचे ७५१ युरो ५८६ वर आले. त्याच वर्षी आयोगाच्या अर्थविभागाच्या एका अहवालात, सामूहिक कराराखालील कामगारांचे प्रमाण घटवणे हे रोजगाराला पोषक सुधारणांच्या यादीत होते. दोन्ही बाजूंनी राखलेली खालची व्यवस्था वरच्या सत्तेने मोडल्याचे याहून स्पष्ट उदाहरण युरोपात सापडणे अवघड. सब्सिडिॲरिटीचा सर्वात खणखणीत दाखला देण्याची ती वेळ होती. ग्रीक मालकसंघांनी तेव्हा जे केले, त्यात या तत्त्वाचा प्रामाणिक वापर दिसतो.

पोप दुसरे जॉन पॉल यांच्या १९८१ च्या ‘लाबोरेम एक्झेर्चेन्स’ या परिपत्रातून नैतिक जबाबदारीची एक नेमकी कसोटी मिळते. प्रत्यक्ष नोकरीवर ठेवणाऱ्या मालकाशिवाय एक अप्रत्यक्ष मालकही असतो, असे त्यात मांडले आहे. ज्या संस्था, करार आणि धोरणे यांमुळे नोकरीच्या अटी ठरतात, ती सारी यात येतात. या कसोटीवर मालकसंघाला आपण केवळ सभासदांचे निरोप पोचवतो असे म्हणता येत नाही. एखादा कायदा रोखण्यात त्याला यश आले, तर त्या कायद्याविना राहिलेल्या कामगाराच्या अटींत त्याचा हात असतो, आणि त्या अटी न्याय्य आहेत की नाहीत याचे उत्तर देणे त्याच्यावर येते.

ऑक्टोबर २०२० मध्ये आयोगाने किमान वेतनाच्या निर्देशाचा प्रस्ताव मांडला. युरोपीय संघाच्या करारांनी वेतन हा विषय संघाच्या कक्षेबाहेर ठेवला आहे, तेव्हा बंधनकारक निर्देशाऐवजी फार तर शिफारस असावी, ही बिझनेसयुरोपची भूमिका होती. डेन्मार्क आणि स्वीडन येथे मालकांच्या जोडीने कामगार संघटनाही विरोधात उभ्या राहिल्या, आणि त्यांचा विरोध वजनदार होता. त्या देशांत किमान वेतनाचा कायदा नाही. बहुसंख्य कामगारांचे वेतन सामूहिक करारांत ठरते आणि ही पद्धत अनेक पिढ्या टिकली आहे. तिथे सब्सिडिॲरिटीचा दाखला शोभतो, कारण काम खरोखर खालीच होत आहे. पोलंड किंवा लिथुआनियात थोडेच कामगार अशा करारांखाली येतात. तिथे वेतन देशातच, वाटाघाटींनी ठरू द्या असे म्हणायचे तर वाटाघाटीला बसणारी संघटना लागते, आणि बहुसंख्य कामगारांच्या वाट्याला तशी संघटना आलेलीच नाही. दोन्ही ठिकाणी युक्तिवादाचे शब्द तेच आहेत, पण पहिल्या ठिकाणी ते चालत्या व्यवस्थेचे रक्षण करतात, दुसऱ्या ठिकाणी पोकळीचे.

निर्देश १९ ऑक्टोबर २०२२ रोजी मंजूर झाला. किमान वेतन पुरेसे आहे का हे पाहण्यासाठी मध्यक वेतनाच्या ६० टक्के किंवा सरासरी वेतनाच्या ५० टक्के असे मार्गदर्शक निकष त्यात सुचवले आहेत, आणि सामूहिक करारांखाली ८० टक्क्यांहून कमी कामगार असलेल्या देशांनी ते प्रमाण वाढवण्याचा कृती आराखडा करावा असे म्हटले आहे. डेन्मार्कने निर्देशाला आव्हान दिले, स्वीडनने त्याला साथ दिली. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाच्या महाअधिवक्त्याने संपूर्ण निर्देश रद्द करावा असे मत दिले होते. ११ नोव्हेंबर २०२५ च्या निकालात न्यायालयाने बहुतेक निर्देश कायम ठेवला आणि वेतन ठरवण्यात थेट हात घालणाऱ्या दोन तरतुदी तेवढ्या रद्द केल्या. त्यांतली एक वेतन ठरवताना विचारात घ्यायच्या घटकांची सक्तीची यादी होती, दुसरी आपोआप होणाऱ्या वाढीच्या पद्धतीत वेतन कमी करण्यावरची बंदी. सामूहिक करारांना चालना देणारा भाग टिकला. त्यानुसार ८० टक्क्यांच्या खाली असलेल्या प्रत्येक देशाला आराखडा करावा लागतो, तो मालक आणि कामगार यांच्या संघटनांशी सल्लामसलत करून किंवा त्यांच्याशी करार करून ठरवायचा असतो, आणि किमान दर पाच वर्षांनी त्याचा फेरआढावा घ्यायचा असतो. करारांखालील कामगारांचे प्रमाण वाढवायचे तर समोरच्या बाजूला सही करणारा मालकसंघ लागतो. म्हणून या आराखड्यांचे यश आता ब्रसेल्सपेक्षा वॉर्सा आणि व्हिल्नियस येथील मालकसंघ आपल्या सभासदांकडून वाटाघाटीचा अधिकार मागून घेतात की नाही, यावर अवलंबून आहे.