खाडा कोणाचा?

मोलकरणीच्या हिशेबांतला ‘खाडा’ हा शब्द आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. ती आली नाहीं कीं दिनदर्शिकेवर खूण होते आणि महिनाअखेर त्या दिवसाचे पैसे कापले जातात. या रीतींत सरसकट अन्याय आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ती यावयास सिद्ध असतां आपणच तिला फाटकाशीं अडविलें, तर तो खाडा कोणाच्या नांवें मांडावयाचा? हा प्रश्न २०२० सालच्या महामारीनें आपल्यापुढें टाकला.

२४ मार्च २०२० च्या मध्यरात्रीं सारा देश बंद झाला. २९ मार्च रोजीं केंद्र सरकारनें हुकूम काढला कीं, कारखाने, दुकानें व व्यापारी संस्था यांच्या मालकांनीं बंदच्या काळांतील वेतन कपात न करतां द्यावें, आणि मजुरांकडे घरमालकांनीं एक महिना भाडें मागूं नये. हुकूम होता, तरी वाटेवरचे पाय थांबले नाहींत. ८ मे रोजीं जालन्याहून भुसावळकडे पायीं निघालेले १६ मजूर करमाडजवळ रुळांवर झोपले असतां मालगाडीखालीं सांपडून मरण पावले. १८ मेपासून तो हुकूमच उठला. पुढें १२ जूनला सर्वोच्च न्यायालयानें मालक व कामगार यांनीं आपसांत बोलून तोड काढावी असें सांगितलें. चूल विझलेल्या माणसाशीं होणारें बोलणें कितपत बरोबरीचें असतें, हें वाचकांनींच ठरवावें.

आमचा रोख मात्र निराळा आहे. त्या हुकुमांत कारखाना होता, दुकान होतें. आपलें घर नव्हतें. तेथें जें दिलें तें आपल्या मनास विचारूनच दिलें. कित्येक कुटुंबांनीं महिना-दोन महिने पगार दिला, कांहींनीं पुढेंहि चालू ठेविला. ही गोष्ट चांगलीच झाली. पण तिला आपण ‘मदत’ म्हटलें, येथें आमचा आक्षेप आहे. त्याच दिवसांत कायम नोकरींतील अनेक गृहस्थ घरीं बसून वेतन घेत होते, आणि त्यास दान म्हणावें असें कोणाच्या स्वप्नांतहि आलें नाहीं.

कोणी म्हणेल, काम नाहीं तर दाम नाहीं. ठीक, पण तो दाम आपण ठरविला तेव्हां त्यांत आजारपणाची, म्हातारपणाची, अशा अवचित संकटाची तजवीज धरली होती काय? ती वगळली म्हणूनच तो स्वस्त पडला. वर्षानुवर्षें ही बचत आपल्या पदरांत पडत आली आहे. ज्यांचें स्वतःचेंच उत्पन्न बुडालें त्यांच्याशीं आम्ही कठोर होऊं इच्छीत नाहीं. ऋण फेडतां न येणें निराळें आणि मुळांत ऋणच नव्हतें असें म्हणणें निराळें.

एप्रिल २०२१ मध्यें पुन्हां निर्बंध आले तेव्हां महाराष्ट्र सरकारनें नोंदणीकृत घरेलू कामगारांस प्रत्येकीं १,५०० रुपये जाहीर केले. घरकामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ चा. तरी असंख्य बायकांची नोंदणीच झालेली नव्हती. नोंदणीस काम देणाऱ्या घरचा दाखला लागतो, आणि ‘उद्यां कांहीं अंगावर येईल’ या भयानें दोन ओळी लिहून देण्यास कचरणारीं घरें आपल्याच ओळखींत आहेत.