मिठाचा मण आणि पेट्रोलचा पंप

हजीऱ्याच्या कारखान्यांत राबणाऱ्या आपल्या खानदेशी बांधवांना कोणी म्हणतो, "तुम्ही प्राप्तिकर भरत नाही, मग कराची तक्रार कसली?" तेव्हा आम्हांला १८४४ चे सुरत आठवते. कंपनी सरकारने मिठावरचा कर मणामागे आठ आण्यांवरून एक रुपया केला. सावकार काही मजुराच्या दुप्पट मीठ खात नाही. चिमटा बसला तो मजुराला. लोक खवळले, सरकारला नमते घ्यावे लागले.

आज मिठावर जीएसटी नाही, हे बरे. २००७ साली सुरतेच्या नाक्यांवरची जकातही गेली. परंतु पेट्रोल जीएसटीबाहेर आहे. त्यावर केंद्राचा कर निराळा, राज्याचा निराळा. उधन्याहून मोटारसायकलीने कामावर जाणारा तो नकळत भरीत असतो. भाजीच्या टेम्पोचे डिझेलही त्याच्याच पिशवीतून वसूल होते.

कर द्यावा, याविषयी आम्हांला संशय नाही. रस्ते, दवाखाने त्यातूनच होतात. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानानेही जकातदारांना धंदा सोडायला लावले नाही. ठरल्याहून अधिक घेऊ नका, एवढेच बजावले. पण ठरवणाराच अधिक ठरवू लागला तर? उमेदवार मते मागायला येतात, तेव्हा आपण कब्रस्तानाच्या जागेचे बोलतो. पंपावरच्या कराचे कोणी विचारीत नाही.