अशिलाची ठेव

न्यायालयाच्या फाटकाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात सकाळी साडेदहाला उभे राहून पाहावे. ज्युनिअर वकील धावत येतो, पेनड्राइव्ह पुढे करतो, नाहीतर दुकानाच्याच संगणकावर आपले व्हॉट्सॲप उघडतो. अर्ज छापून होतो, पानांवर नंबर पडतात, पुकारा होण्याआधी तो आत पळतो. फाइल मात्र दुकानातच राहते. त्या एका संगणकात अर्ध्या तालुक्याची भांडणे साठलेली असतात. कुणाचा घटस्फोटाचा अर्ज, कुणाच्या वाटपाच्या दाव्यातले सातबारे, कुणाच्या मुलीचा वैद्यकीय तपासणीचा कागद.

पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंनी आपली मालमत्ता आणि देणी यांचे सविस्तर प्रतिज्ञापत्र द्यावे, असा दंडक सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली घातला. तो हवाच होता. उत्पन्न लपवणाऱ्या नवऱ्यांना त्याने चाप बसला. पण त्या प्रतिज्ञापत्रात पगार, बँकखाती, दागिने, मुलांची फी, आजारपण, सगळे येते. मारहाणीला कंटाळून वेगळी खोली घेतलेली बाई त्यात आपला पत्ता लिहिते. तो पत्ता दुकानातल्या संगणकावर राहिला, तर दोष दुकानातल्या पोराचा नाही. तो वकिलाचा आहे.

अशिलाने विश्वासाने सांगितलेले त्याच्या संमतीवाचून उघड करायचे नाही, हे बंधन 1872च्या पुराव्याच्या कायद्यात कलम 126ने घातले होते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात ते कलम 132मध्ये आहे. काम संपले तरी बंधन संपत नाही, आणि ते वकिलाच्या कारकुनालाही लागू आहे. आपण वकील मंडळी हे कलम अभिमानाने सांगतो. पोलिसांनी अशिलाबद्दल विचारले तर ताठ मानेने नकार देतो. मग तेच गुपित उघड्या संगणकावर सोडून येताना आपला हात का अडखळत नाही? तोंड बंद ठेवणे म्हणजे गुपित राखणे, ही समजूत कागद कपाटात असत तेव्हाची. आता गुपित मोबाइलमध्ये असते, सगळ्या ऑफिसला ठाऊक असलेल्या पासवर्डमागे असते, भंगारात दिलेल्या जुन्या संगणकाच्या हार्डडिस्कवर असते.

गुपित राखण्याइतकेच पुरावा जपणेही वकिलाचे काम. त्यात माझ्या हातून घडलेली चूक सांगतो. नवरा रात्री-अपरात्री धमक्यांचे आवाजी मेसेज पाठवतो, अशी तक्रार घेऊन एक बाई आली होती. मी तिला स्क्रीनशॉट काढून आणायला सांगितले. तिने ते रंगीत छापून आणले, मी फाइलला लावले आणि निश्चिंत झालो. दीड वर्षाने साक्षीपुरावा सुरू झाला. समोरच्या वकिलांनी सगळे बनावट असल्याचा आक्षेप घेतला. मी तिच्याकडे फोन मागितला. काच फुटली म्हणून तिने तो मोबाइलच्या दुकानात देऊन दुसरा घेतला होता. ती म्हणाली, "साहेब, फोटो तर तुमच्याकडेच दिले होते ना?"

मूळ यंत्रच न्यायालयात हजर केले आणि त्याच्या मालकाने साक्ष दिली, तर पुरावा खरा असल्याचे वेगळे प्रमाणपत्रही लागत नाही. म्हणजे तो फुटक्या काचेचा फोन हाच तिचा सगळ्यात मोठा पुरावा होता. फोन विकू नकोस, काही पुसू नकोस, ही दोन वाक्ये मी पहिल्या दिवशी बोललो नाही. परदेशांतल्या मोठ्या कंपन्यांच्या दाव्यांत हे काम वकिलांचे पहिले कर्तव्य मानतात आणि लाखो ईमेल जपायला माणसे नेमतात. माझ्या अशिलाकडे एकच फोन होता.

हा मूळ यंत्राचा नियम ज्या निकालाने पक्का केला, तो आपल्या जालन्याच्या निवडणुकीतून आला. 2014च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर 296 मतांनी निवडून आले. त्यांचे अर्ज 27 सप्टेंबर 2014 रोजी दुपारी तीनची मुदत उलटल्यावर दाखल झाले, असा पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांचा दावा होता. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातले चित्रीकरण हा त्याचा पुरावा. चित्रीकरण सरकारी ताब्यात. सीडी मिळाल्या, पण त्या खऱ्या असल्याचे जे प्रमाणपत्र कायद्याला हवे, ते वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी दिले नाही. औरंगाबाद खंडपीठाने 2017 साली निवडणूक रद्द ठरवली आणि 14 जुलै 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. प्रमाणपत्र सक्तीचेच, पण पक्षकाराने हरतऱ्हेने प्रयत्न करूनही ते देणाऱ्याने दिले नाही, तर अशक्य गोष्टीसाठी त्याला शिक्षा नको, असे न्यायालय म्हणाले. तोवर त्या विधानसभेची मुदत संपून पुढची निवडणूकही झाली होती. राजकारणात मुरलेल्या, चांगले वकील देऊ शकणाऱ्या माणसाला एका प्रमाणपत्रासाठी इतके झगडावे लागले. सोसायटीच्या सीसीटीव्हीचे चित्रीकरण मागणाऱ्या भाडेकरूने काय करावे?

नव्या कायद्याने तर प्रमाणपत्राचे दोन भाग केले आहेत. एक पक्षकाराच्या बाजूने द्यायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाइलची हॅश लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा समजा. आत एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा पार बदलतो. खोटे पकडायला याहून चांगले साधन नाही, आणि मी या सुधारणेच्या बाजूने आहे. पण बार रूममध्ये हॅश काढून दाखवा म्हटले तर किती हात वर होतील? माझा स्वतःचा हात दोन वर्षांपूर्वी वर झाला नसता.

संगणकातल्या फाइली सांभाळा म्हटले की "आमच्यासारख्या छोट्या ऑफिसात कोण चोर येणार?" हे वाक्य मी अनेकदा ऐकतो. 27 जून 2017 रोजी नॉटपेट्या नावाचा घातक प्रोग्राम युक्रेनमधल्या एका कर-हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून पसरला आणि डीएलए पायपर या जगड्व्याळ वकिली संस्थेचे फोन आणि ईमेल बंद पडले. त्यांच्यावर कुणी नेम धरला नव्हता. पेरलेले विष पाटाने वाहत आले. छोट्या ऑफिसात तर बॅकअपही नसतो. एके सकाळी संगणक उघडला नाही, तर वीस वर्षांच्या दाव्यांचे काय सांगणार पक्षकाराला?

वकीलपत्रावर सही घेताना अशिलाचा फोन, ईमेल, कॅमेरा यांची विचारपूस झालीच पाहिजे. वकील संघांनी वर्गणीतून संघाच्याच खोलीत एक कुलूपबंद संगणक आणि छपाईयंत्र ठेवावे, आणि काम झाल्यावर फाइल पुसणारा जबाबदार माणूस नेमावा. आणि तज्ज्ञाच्या फीचा प्रश्न सरकारने सोडवावा. 1987च्या विधी सेवा कायद्याच्या कलम 12 प्रमाणे कोणत्याही स्त्रीला, अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला, उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळू शकतो. मात्र त्या वकिलाच्या हातातला पुरावा तज्ज्ञाच्या सहीवाचून अडणार असेल, तर ती सहीही त्याच हक्कात यायला हवी. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात तज्ज्ञांची यादी भिंतीवर लावलेली असावी, आणि तिथे फोन घेऊन आलेल्या बाईला फी कुणी विचारू नये.