शांततेसाठी थांबावे काय?

गेल्या हिवाळ्यात आम्ही धाराशिवाहून निघालो, सोलापुरास गाडी धरली आणि चेन्नईवरून तमिळ देशाच्या किनाऱ्यावरील तरंगंबाडी गावी जाऊन पोहोचलो. डेन्मार्कच्या लोकांनी १६२० साली तंजावरच्या नायक राजाकडून ही जागा मिळविली व १८४५ साली ती इंग्रजांस विकली. त्यांचा किल्ला समुद्राकडे तोंड करून अजून उभा आहे. १७०६ च्या जुलै महिन्यात झिगेनबाल्ग व प्लुत्शाऊ हे दोघे तरुण जर्मन मिशनरी याच वाळूवर उतरले. १७१८ साली बांधलेले नवे यरुशलेम मंदिर व त्यातील झिगेनबाल्ग साहेबांची कबर पाहावी, ही इच्छा सेमिनरीच्या दिवसांपासून आमच्या मनात होती.

परंतु वाचकहो, त्या मंदिरात उभे असता आमच्या मनात दुसऱ्याच एका मनुष्याचे नाव घोळत होते. तो राजनायकन. तंजावरच्या फौजेतला, म्हणजे व्यंकोजीराजांच्या वंशातील मराठी राजाचा चाकर, जातीने परैयर. आपल्याकडील गावकुसाबाहेरच्या लोकांची जी गत, तीच त्या जातीची. पूर्वी तो रोमन मंडळीत होता. तमिळ शुभवर्तमान वाचून तो या मंडळीत आला, आणि चाळीसहून अधिक वर्षे त्याने उपदेशकाचे काम केले.

१७३३ साली वेल्लाळ जातीच्या आरोन यास पाळकपदाची दीक्षा मिळाली. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत हा पहिला भारतीय पाळक. १७४१ मध्ये दुसरा पाळक नेमावयाची वेळ आली, तेव्हा राजनायकनचा विचार झाला. त्याच्या योग्यतेविषयी मिशनऱ्यांस शंका नव्हती. पण उच्च जातीचे ख्रिस्ती लोक त्याच्या हातचे प्रभुभोजन आदराने घेणार नाहीत, हे भय होते. दीक्षा दिओगो यास दिली गेली. राजनायकन अखेरपर्यंत उपदेशकच राहिला.

मिशनरी दुष्ट होते काय? नव्हते. मंडळी फुटू नये, दुर्बळ भावास अडखळण होऊ नये, असेच त्यांनी म्हटले असेल. आणि पौलानेही भावासाठी मांस वर्ज्य करण्याची तयारी दाखविली होती. पण पौलाने सोडावयाचे म्हटले ते आपल्या ताटातले. येथे सोडले ते राजनायकनच्या ताटातले, आणि सोडणारे निराळेच! आपला हक्क सोडणे यास त्याग म्हणतात. दुसऱ्याचा हक्क सोडून देणे यास काय म्हणावे, हे आम्हांस त्या समुद्रकाठी बसून सापडेना.

सापडेना, कारण आम्हीही तेच केले आहे. आमच्या जिल्ह्यातील एका गावी मंडळीत दोन समाजांची घरे आहेत. प्रभुभोजनाचा प्याला फिरविण्यास ज्या वडील गृहस्थांचे नाव पुढे आले, त्यांच्याविषयी काही घरांनी तोंडे वाकडी केली. आम्ही म्हणालो, लोकांची मने तयार होईपर्यंत थांबू. त्यास आठ वर्षे झाली. मने कोणी तयार केली नाहीत, आम्हीही नाही. ते गृहस्थ कधी तक्रार करीत नाहीत; दर आदितवारी सर्वांच्या आधी येऊन सतरंज्या अंथरतात.

परत आल्यावर त्यांनीच प्रथम विचारले, "पाळकसाहेब, तिकडं काय पाहिलंत?" आम्ही त्यांस किल्ला सांगितला, समुद्र सांगितला, लाटांचा आवाज कसा येतो तेही सांगितले. राजनायकनची गोष्ट मात्र सांगितली नाही.