लिंबूटिंबू आणि खेळातला अधिकार

खेळायचा अधिकार कोणाला, हा प्रश्न क्रीडांगणावरचा वाटला तरी मुळात धर्मविचारातला आहे. परंपरेत अधिकार पाहून विद्या दिली जाई; आखाडाही त्याला अपवाद नव्हता. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात या प्रश्नाचा एक भाग सुटला. जुम्मादादा मुसलमान, तर त्यांचे पट्टशिष्य प्रो. माणिकराव हिंदू. संस्थेला नाव लाभले ते गुरूचे. पुढे माणिकरावांनी सांघिक व्यायामासाठी भारतीय भाषेतले हुकूम रूढ केले. त्यामुळे मल्लाच्या जोडीने रांगेत उभे राहणारे साधे पोरही व्यायामाचे मानकरी झाले. 

दुसरा भाग शरीरभेदाचा. खेळ म्हणजे केवळ बळ कमावण्याचे साधन असे धरले, की अशक्त किंवा अपंग मूल आपोआप मागे पडते. वेदान्ताची दृष्टी निराळी आहे. ब्रह्मसूत्रे सृष्टीला ईश्वराची लीला मानतात आणि लीलेला बाहेरचे प्रयोजन नसते. खेळाकडे असे पाहिले तर कमी फळ देणाऱ्याला वगळायला कारणच उरत नाही. मात्र खेळात घेतले म्हणजे न्याय झाला, असे नव्हे.

दुबळ्या मुलाला खेळात घेण्यासाठी गल्लीतल्या मुलांनी लिंबूटिंबूचा तोडगा काढला. आट्यापाट्यांत पाटीवरच्या गड्याने धाकट्याला हात लावला तरी तो बाद होत नाही. पण त्याने लोण आणले तरी ते मोजतही नाहीत. यात माया आहे, वाटा नाही.

अंध क्रिकेटने तो वाटा दिला. चेंडू आतल्या छर्‍यांमुळे खुळखुळतो, गोलंदाज हात खालून फिरवून तो टाकतो. अकरांत किमान चार खेळाडू पूर्ण अंध असावे लागतात आणि त्यांच्या बॅटची प्रत्येक धाव दुप्पट धरली जाते. पण त्रिफळा उडाला तर तेही बाद.

संयुक्त राष्ट्रांच्या 1989च्या बालहक्क करारातील कलम 31 खेळ हा मुलाचा हक्क मानते. 2006च्या अपंगहक्क कराराने अपंग मुलांना त्यात इतरांच्या बरोबरीचे स्थान दिले. भारताने दोन्ही करार स्वीकारले आहेत. या हक्काची अंगे तीन: डावात घेतले जाणे, केलेले मोजले जाणे आणि चुकल्यास बाद होणे. पहिले दयेनेही मिळते; उरलेल्या दोहोंसाठी नियमच बदलावे लागतात.