तक्रारवहीचे दुसरे पान

माझ्या मेजाच्या खणात जाड पुठ्ठ्याची एक वही आहे. घरातील मंडळी थट्टेने तिला 'पप्पांचे गाऱ्हाणेपुराण' म्हणतात. शाळेतून निवृत्त झालो, वर्ग सुटला, पण चुका शोधण्याची खोड सुटली नाही. तेव्हा लाल शाईचे पेन मी बाजारपेठेकडे वळवले. सुट्या दोन रुपयांऐवजी हातावर टेकवलेली चॉकलेटे. छापील कमाल किमतीच्या वर 'थंड करण्याचे' म्हणून उकळलेले तीन रुपये. पाच रुपयांचा तोच तो बिस्किटांचा पुडा, किंमत तीच, चित्र तेच, आतली बिस्किटे मात्र उपवास धरल्यासारखी रोडावलेली. आणि दूरध्वनीवरची ती गोड गळ्याची बाई, जी 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' असे सांगत सतरा मिनिटे ताटकळत ठेवते. या साऱ्यांची तारीखवार नोंद त्या वहीत आहे.

या नोंदी क्षुल्लक आहेत, असे मात्र मी म्हणणार नाही. तीन रुपयांची लूट हजार गिऱ्हाइकांनी मुकाट्याने सोसली, की ती तीन हजारांची होते आणि लुटणाऱ्याला तो आपला हक्क वाटू लागतो. तक्रार करण्याचा अधिकार आपल्याला आयता मिळालेला नाही. १५ मार्च १९६२ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांनी तेथील काँग्रेसला पाठवलेल्या संदेशात ग्राहकाचे चार हक्क मांडले : सुरक्षिततेचा, माहितीचा, निवडीचा आणि आपले म्हणणे ऐकले जाण्याचा. आपल्याकडे १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली, १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली आणि २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याची जागा आता २०१९ च्या नव्या कायद्याने घेतली आहे. त्यात ग्राहकाचे सहा हक्क सांगितले आहेत.

या तारखांकडे पाहताना एक गंमत माझ्या लक्षात आली. २४ डिसेंबर हा राष्ट्रीय ग्राहक दिन; म्हणजे आगमनकाळाचा शेवटचा दिवस, नाताळची पूर्वसंध्या. १५ मार्च हा जागतिक ग्राहक हक्क दिन. आणि ईस्टर कितीही लवकर येवो वा उशिरा, १५ मार्च उपवासकाळातच येतो. कायदा करणाऱ्यांच्या हा योगायोग ध्यानीमनीही नसेल. तरी माझे दोन्ही हक्क-दिन आत्मपरीक्षणाच्या दिवसांतच यावेत, याचा मला थोडा रागच आला. दुसऱ्याचा हिशेब मागायला निघालेल्या माणसाला कोणी दारातच आपला हिशेब विचारावा, तसे ते झाले.

तो हिशेब आमच्या मिक्सरपासून सुरू झाला. सात वर्षे इमानाने चाललेल्या त्या यंत्राचा, भांडे आणि मोटार जोडणारा बोटभर भाग तुटला. दुरुस्ती केंद्रातील तरुण अदबीने म्हणाला, "काका, हा पार्ट आता येत नाही. नवाच घ्या, परवडेल." परवडेल! आमच्या लहानपणी दारी कल्हईवाला यायचा, छत्री दुरुस्त करणारा यायचा. वस्तू मोडली तर तिचे आयुष्य वाढवणारा माणूस गावात असे. आज आयुष्य कमी करणारा माणूस कारखान्यातच बसलेला असतो. ही युक्ती काही नवी नाही. १९२४ साली युरोप-अमेरिकेतील बड्या दिवा-कंपन्यांनी जिनिव्हात संघटन करून, घरगुती विजेचा दिवा सुमारे एक हजार तासांहून अधिक जळता कामा नये, असे ठरवले आणि ज्याचा दिवा जास्त टिकेल त्या सभासदाला दंड लावला. इकडे कॅलिफोर्नियातील लिव्हरमोर गावच्या अग्निशमन केंद्रात १९०१ साली लावलेला एक दिवा शंभरी ओलांडून जळतोच आहे.

हे सारे मी वहीत तावातावाने लिहिले. लिहिले नाही ते एवढेच, की त्याच संध्याकाळी मी सवलतीच्या दरात नवा मिक्सर आणला आणि तो आणताना मला आनंद झाला होता. स्टेशनजवळच्या गल्लीत जुनी यंत्रे दुरुस्त करणारा एक म्हातारा कारागीर बसतो. त्याच्याकडे जाण्याचा कंटाळा मी केला. जुना मिक्सर भंगारवाल्याने नेला. तो कुठे गेला, त्यातली तांब्याची तार कोणाच्या पोराने धुरात बसून सोडवली, हे मी विचारले नाही. मला फसवले गेले होते, त्यामुळे दुसऱ्या कोणाचा विचार करण्यापासून मी स्वतःला सूट देऊन टाकली होती.

दुसरी गोष्ट मासळीबाजारातली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा गटारे तुंबवण्यात प्लास्टिकच्या पिशव्यांचा वाटा किती मोठा, हे मुंबईकरांनी कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून पाहिले. पुढे २३ मार्च २०१८ रोजी राज्य शासनाने प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली आणि २३ जूनपासून दंडासह तिची अंमलबजावणी सुरू झाली : पहिल्या गुन्ह्याला पाच हजार रुपये. मी टाळ्या वाजवल्या. आणि पंधरवड्यातच, हातात कापडी पिशवी न घेता बाजारात जाऊन, नेहमीच्या कोळिणीला विचारले, "मावशी, पिशवी आहे ना?" तिने इकडेतिकडे पाहिले, पाटीखालून एक पातळ काळी पिशवी काढली आणि बोंबील भरता भरता म्हणाली, "तुमच्यापायीच ठेवावी लागते, बाबा. नाही दिली तर तुम्ही पुढच्या पाटीवर जाता."

दंडाची भीती तिला, सोय मला. कायद्याची बाजू घेणारा मी. कायदा मोडायला लावणाराही मीच. वहीत ही नोंद कोणाच्या नावावर करायची?

राजकारणाची कथा याहून वेगळी नाही. मत देताना आपण अलीकडे खरेदीला गेल्यासारखेच वागतो : कोण काय फुकट देतो, कोणाच्या आश्वासनाचे वेष्टन अधिक चकचकीत. मग खोक्यावर एक चिठ्ठी आणि आत दुसराच माल निघाला, की हळहळतो. पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ पासून आहे, तरी २०२२ आणि २०२३ साली महाराष्ट्राने चिठ्ठ्यांची अदलाबदल डोळ्यांदेखत पाहिली. पण मला अधिक बोचते ते वेगळेच. आमच्या वसई-विरार महानगरपालिकेची मुदत २०२० साली संपली आणि त्यानंतर वर्षानुवर्षे तिचा कारभार निवडून न आलेल्या प्रशासकाच्या हाती राहिला. वाण्याच्या गल्ल्यावर पाच मिनिटे कोणी नसले तर मी नाणे आपटून हाक मारतो. येथे वर्षांमागून वर्षे गल्ल्यावर आपला माणूस नव्हता आणि माझ्या वहीत त्याबद्दल एक ओळ नाही. गिऱ्हाईक म्हणून मी वाघ आहे. नागरिक म्हणून मेंढरू.

आणि आता ती घटना, जिच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस 'हरित वसई'ची चळवळ उभी राहिली, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यामागे चालणाऱ्या हजारोंत मीही होतो. आमच्या विहिरींचे पाणी टँकरने उपसून विकले जात होते, त्याविरुद्ध घसा कोरडा होईतो ओरडलो होतो. त्यामागचे शास्त्र आम्हा बागायतदारांच्या पोरांना कोणी शिकवावे लागत नव्हते. किनाऱ्यालगतच्या जमिनीत गोडे पाणी हलके म्हणून वर तरंगते, खारे जड म्हणून खाली असते. रहाटाचा बैल थकत असे. तो थांबला की रात्रीत विहीर पुन्हा भरून येई. पंप थकत नाही. तो गोड्या पाण्याचा थर ओढून संपवतो आणि खालचे खारे पाणी वर चढते. एकदा विहीर खारी झाली, की केळीची पाने कडेने करपतात आणि पानवेल मान टाकते.

पुढे मुलांच्या नोकऱ्यांसाठी आम्ही स्टेशनजवळच्या इमारतीत राहायला आलो. इमारतीला नळाचे पाणी अपुरे, म्हणून टँकर. गेल्या मे महिन्यात एका दुपारी टँकर दोन तास उशिरा आला आणि टाकीही पुरती भरेना. सोसायटीतर्फे जाब विचारायला अर्थातच मी उतरलो. ग्राहकाचे सहाही हक्क मी चालकाला ऐकवले. तो निमूटपणे ऐकत होता. मग म्हणाला, "सर, ओळखलंत का? तुमच्या वर्गात होतो. पाणी कमी आलं, खरं आहे. पण आज गाडी तुमच्याच आळीतून भरली. विहिरीला पाणीच कमी लागलं. थांबून थांबून भरावी लागली."

मी वर आलो. वही उघडली, तारीख घातली. पुढे काही लिहवेना. ज्या पाण्यासाठी मी रस्त्यावर उतरलो होतो, तेच पाणी मला आज कमी मिळाले, ही माझी तक्रार होती. विहीर रिकामी करणाऱ्याशी माझे भांडण नव्हतेच. तो ती पुरेशी रिकामी करत नाही, यावरून मी भांडत होतो.

कोणी म्हणेल, सर, तुम्ही उगाच जिवाला लावून घेता. माणसाने पाणी प्यायचे नाही की काय? शहर वाढवले कोणी, धरणाचे पाणी गावोगाव पोचवले नाही कोणी, इमारतींना परवानग्या दिल्या कोणी? हा आक्षेप खरा आहे. साऱ्या पापाचे गाठोडे सामान्य माणसाच्या डोक्यावर देऊन आपण नामानिराळे होणे, ही बड्यांची आवडती युक्ती आहे. जो कारखाना दिवसाला लाखो पिशव्या काढतो त्याचा दोष आणि बोंबील बांधून आणणाऱ्याचा दोष एका तराजूत तोलता येणार नाही. ज्याच्या खिशात दहाच रुपये आहेत, त्याला निवडीचा उपदेशही करता येणार नाही.

पण दोष लहान आहे, म्हणजे तो नाही, असे होत नाही. मला जो प्रश्न पडला तो दोषाच्या वजनाचा नाहीच; तो तक्रारीच्या प्रामाणिकपणाचा आहे. माझे तीन रुपये गेले म्हणून मी ओरडलो, तर ती घासाघीस झाली. तिच्यात गैर काही नाही, पण तिला न्यायाची चाड म्हणणे फार झाले. ज्या अन्यायात माझा फायदा आहे त्याविरुद्ध माझ्या तोंडून शब्द निघतो की नाही, यावरून माझा राग न्यायाचा की नुसता खिशाचा, ते कळते. वाण्याने चुकून जास्त परत दिलेले पैसे मी कितीदा परत केले? वहीत तसा रकाना नाही.

असो. मी आता त्या वहीला मधोमध रेघ मारली आहे. डाव्या पानावर पूर्वीप्रमाणेच 'माझ्याकडून घेतलेले' लिहितो. आणि ते मी सोडणार नाही, चॉकलेटवाल्यांनी निश्चिंत राहू नये. उजव्या पानावर 'मी घेतलेले' लिहितो. तेथे पहिली नोंद टँकरची आहे. तिच्यापुढे काय केले, तेही लिहावे लागते. म्हणून सोसायटीच्या सभेत पाण्याचे मीटर बसवण्याचा आणि गच्चीवरचे पावसाचे पाणी जमिनीत जिरवण्याचा ठराव मी मांडला. पहिल्या सभेत तो नामंजूर झाला. "सर, खर्च कोण करणार?" असे विचारणाऱ्या गृहस्थांचा आवाज अगदी माझ्यासारखाच होता; तोच तोरा, तीच हक्काची भाषा. पुढच्या सभेत ठराव पुन्हा मांडणार आहे.

दरम्यान मासळीबाजारात डबा घेऊन जातो. कोळीण हसते. परवा म्हणाली, "आज विसरला नाहीत, बाबा." मी मान डोलावली आणि सवयीने वजनाच्या काट्याकडे पाहिले. काटा बरोबर होता.